काळ्या बॉनेटवरचा सूर्य

काळी गाडी शोरूममधून नवी कोरी बाहेर येते तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये अख्खं आभाळ मावतं. समोरच्या गुलमोहराची फांदी त्यात वाकून पाहते, वरून जाणारी घार एका हेडलाइटपासून दुसऱ्यापर्यंत संथ तरंगत जाते, आणि मालक किल्ली बोटाभोवती फिरवत उगाच गाडीला एक प्रदक्षिणा घालतो. मग पहिला पावसाळा सरतो. ऑक्टोबरचं स्वच्छ, खोडकर ऊन पडतं, आणि त्या बॉनेटमधल्या सूर्याभोवती एक कोळ्याचं जाळं दिसू लागतं. बारीक, चंदेरी, गोलगोल विणलेलं. डिटेलिंगवाले त्याला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. मालक पहिल्या दिवशी त्याला काहीच म्हणत नाही. तो आधी अंगठ्याने पुसून पाहतो, मग शर्टाच्या बाहीने, मग जरा जोर लावून. जाळं जात नाही. उलट बाहीवरच्या धुळीने त्यात चार धागे आणखी विणले जातात.

या जाळ्याची पहिली गंमत अशी, की त्यातली वर्तुळं मुळात तिथे नसतातच. ओरखडे असतात, पण ते आडवेतिडवे, ज्याला जसं सुचलं तसे. त्यांतले जे नेमके प्रकाशाच्या वाटेत आडवे पडलेले असतात तेवढेच चमकून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतात; बाकीचे आपला उजेड भलतीकडेच उधळून मोकळे होतात. त्या चमकणाऱ्या तुकड्यांची प्रतिबिंबाभोवती रांग लागते आणि आपल्याला गोल दिसतो. स्टीलचं जुनं ताट दिव्याखाली धरून पाहा, तिथेही हेच. आपण एक पाऊल सरकलो की बॉनेटवरचा सूर्य सरकतो आणि जाळंही त्याच्या मागोमाग सरकतं. दोन माणसं गाडीच्या दोन बाजूंना उभी राहिली तर दोघांना दोन वेगळ्या जागी जाळी दिसतात, आणि दोघंही अगदी खरं सांगत असतात. आमच्या शेजारी अण्णा राहतात. त्यांची गाडी काळी. ते ड्रायव्हरच्या बाजूने बोट दाखवून म्हणाले, “हे बघ, इथे आहे.” काकू पलीकडून म्हणाल्या, “इथे कुठे? इकडे आहे की!” चाळीसएक वर्षांच्या संसारात दोघांचंही एकाच वेळी बरोबर असल्याचा हा बहुधा पहिला प्रसंग असावा. पण भौतिकशास्त्राने दिलेली ही संधी दोघांनीही वाया घालवली.

माझी गाडी पांढरी आहे, त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे बोलू शकतो. ओरखडे माझ्याही गाडीवर तितकेच आहेत. फरक इतकाच, की ओरखड्यावर पडलेला उजेड पांढरा फुटतो आणि पांढऱ्यावरचं पांढरं कुणाला दिसत नाही. काळा रंग मात्र भोळा. तो काहीच पोटात ठेवत नाही. धूळ, पाण्याचा थेंब सुकल्याचा डाग, मांजराची पावलं, सगळं तो चारचौघांत बोलून दाखवतो. तरी लोक काळी गाडी घेतात, आणि का घेतात हे मला कळतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलंच होतं, नवी वस्तू आणि काळी? पण संक्रांतीला काळी चंद्रकळा चालते, नव्हे, त्या दिवशी तिच्याइतकं देखणं दुसरं काही नसतं, मग गाडीनेच काय घोडं मारलंय? शिवाय दृष्ट लागू नये म्हणून आपण एवढीशी काळी तीट लावतो. इथे तर अख्खी गाडीच तीट. त्यावरही अण्णांनी पुढे लिंबू-मिरची बांधली ती बांधलीच.

काळ्या गाड्यांचा इतिहास तसा साध्यासुध्या लोकांचा. अमेरिकेत फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ एवढी वर्षं काळ्या रंगातच मिळायची; त्याआधी ती लाल, हिरवी, करडी अशीही निघत होती. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भराभर गाड्या काढायच्या तर एकच रंग सोयीचा होता. आपल्याकडे मुंबईने काळ्यावर पिवळं टप चढवलं आणि टॅक्सी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षं त्या वेशात धावल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरात ती जात रस्त्यावरून उतरली. स्टँडवर उभा असलेला टॅक्सीवाला गिऱ्हाईक येईपर्यंत हातातल्या फडक्याने बॉनेट पुसत बसायचा. गरज म्हणून नव्हे; एखादा माणूस बोलता बोलता मिशीवरून हात फिरवतो तसा. त्या बॉनेटवर जाळी नसतील असं नाही, पण ती शोधायला कुणी वाकलं नव्हतं. तेव्हाच्या रंगाचं वागणंही वेगळं होतं. रंग आणि चकाकी एकाच थरात असायची, त्यामुळे जरा पॉलिश घासलं की फडक्यावर काळं उतरायचं. गाडी आपला रंग थोडाथोडा पुसणाऱ्याच्या हाती देत असे.

आताची गाडी तसं काही देत नाही. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर क्लिअरकोट नावाचं पारदर्शक कवच. हे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले की झालं. त्यातला क्लिअरकोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, एका केसाहूनही बारीक. आपण ज्याला गाडीचा काळा रंग म्हणून मिरवतो तो खाली सुरक्षित झोपलेला असतो. ओरखडे पडतात ते वरच्या बिनरंगी थराला. काळ्याचं काळेपण कुठेही गेलेलं नसतं, फक्त त्याच्यावरची काच धुरकटलेली असते. हे अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मोतीबिंदू.” निवृत्त इंजिनिअर माणूस, रोगाचं नाव कळलं की त्यांना अर्धं बरं वाटतं.

आता हे जाळं विणतो कोण? फांदी घासून गेली, स्कूटर टेकली, तर त्याचा एकच लांब, ठसठशीत ओरखडा पडतो आणि त्याबद्दल भांडायला समोर कुणीतरी असतं. हे जाळं मात्र पुसण्यातून येतं. सकाळी सहाला आमच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणारे मामा येतात. एक बादली, एक फडकं आणि पार्किंगभर गाड्या. पहिल्या गाडीची धूळ दुसरीवर, दुसरीची तिसरीवर अशी ती वस्तीला जात राहते. आणि ही धूळ म्हणजे काही साधी नव्हे. पुण्याच्या आजूबाजूला जिकडेतिकडे बांधकामं, आणि बांधकामाला लागणारी खडी आणि क्रश सँड आपल्याच डोंगरांतली. हा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन जमिनीच्या भेगांतून वाहत आला, थरावर थर साचले, त्यांचा सह्याद्री झाला, त्याचे कडे झाले, कड्यांवर किल्ले झाले. आणि शेवटी क्रशरमधून दळून निघालेली त्याची कणी ट्रकमधून उडून अण्णांच्या बॉनेटवर येऊन बसली. तिच्यापुढे क्लिअरकोट म्हणजे लोणी. मामांनी कोरडं फडकं एकदा गोल फिरवलं की सह्याद्री आपली सही करून जातो. एवढ्या जुन्या हस्ताक्षराची खरं तर आपल्याला जरा भीड वाटायला हवी.

अण्णांनी मामांना गाठलं. “मामा, कोरडं फडकं मारू नका हो.”

“अहो अण्णा, ओलं मारलं तर डाग पडतात, कोरडंच मारा, असं तुम्हीच नाही का म्हणालात उन्हाळ्यात?”

म्हणाले होतेच. उन्हाळ्यात सोसायटीला टँकरचं पाणी येतं, ते जड. थेंब सुकला की काळ्यावर पांढरी रांगोळी. म्हणजे ओलं पुसलं तर डाग, कोरडं पुसलं तर जाळं. न पुसावं तर काकू म्हणणार, लोक काय म्हणतील. मामांनी दोन्ही हुकूम इमानाने पाळले होते, आणि काळ्या रंगाने दोन्हींची नोंद ठेवली होती.

मला यातली विसंगती राहून राहून जवळची वाटते. सोसायटीच्या भिंतीशी एक बेवारस गाडी पडून आहे. तिच्यावर पिंपळाचा पाचोळा साचलाय, टायर बसलेत, काचेवर कुणीतरी गुप्त मजकूर लिहिलाय. तिला ना कुणी पुसत, ना कुणी तिच्यावर भोवरे उमटवत. जिला रोज माया लागते तिच्याच अंगावर जाळं पडतं. मायेने झिजण्याचं याहून थोर उदाहरण आपल्याकडे आहेच. पंढरीच्या काळ्यासावळ्या मूर्तीच्या पायांवर पिढ्यान् पिढ्या माथे टेकले, अभिषेक झाले, आणि पाषाणही झिजू लागला. मग पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप करून घ्यावा लागतो, २०२० मध्येही झाला. कुठे तो विठ्ठल आणि कुठे चार चाकांची ही ईएमआयवरची माया, बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण दगडालाही हातांचं ओझं होतं हे एकदा कळलं, की चाळीस मायक्रॉनच्या क्लिअरकोटकडून फार अपेक्षा राहत नाहीत.

अण्णांनी शेवटी गाडी डिटेलिंगला नेली आणि सोबत म्हणून मला नेलं. ते दुकान म्हणजे अर्धं ऑपरेशन थिएटर. गाडी आधी फेसात बुडवली, धुतली, मग मातीच्या गोळ्यासारखी दिसणारी एक चिकट वडी अंगभर फिरवून रुतून बसलेली घाण उचलली. दिवे बंद केले आणि तिथल्या मुलाने एलईडी टॉर्चचा झोत बॉनेटवर सोडला. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात निर्दोष दिसणारं बॉनेट टॉर्चच्या एका टिंबाखाली सगळं कबूल करून बसलं. शोरूममध्ये दिवे लांबलांब आणि मऊ का असतात याचा उलगडा मला तिथे झाला. मग त्याने एका हातात मावेल एवढं मीटर पत्र्याला टेकवत टेकवत आकडे वाचले: कुठे एकशे दहा, कुठे एकशे अठरा. अण्णांनी ते खिशातल्या डायरीत उतरवले. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप चिकटवली. पॉलिशिंग मशीनच्या फोमवर हरभऱ्याएवढे चार थेंब टाकले, मशीन बंद असतानाच ते पत्र्यावर टिपले, मग हळू वेगात पसरवले, आणि वेग वाढवून एकदा आडवं, एकदा उभं, पुन्हा आडवं असं वीतभर जागेत निवांत फिरवत राहिला. घाई अजिबात नाही. टेप काढली तेव्हा डावीकडे रात्र होती आणि उजवीकडे धुकं.

“ओरखडे निघाले!” अण्णा म्हणाले.

“निघाले नाहीत काका,” मुलगा म्हणाला, “बाजूचं खाली आणलं.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. ओरखडा ही काढून टाकायची वस्तूच नव्हे, ती एक नसलेली जागा. नसलेलं काढणार कसं? मग करतात ते असं, की खड्ड्याच्या तळापर्यंत सबंध गाव खाली उतरवायचं. दोन-चार मायक्रॉनचं कवच सगळीकडून खरवडायचं, म्हणजे खड्डाही नाही आणि तक्रारही नाही. हिशोब चोख आहे, पण भांडवल मुळात केसभर. उन्हापासून रंगाला जपणारं द्रव्यही त्याच थरात असतं. दरवर्षी दसऱ्याला हौसेने मशीन फिरवलं तर काही वर्षांनी कवचच उरत नाही आणि टपावर पांढरी सालपटं सुटू लागतात. याउलट स्वस्तातला पॉलिशवाला काहीच खरवडत नाही. तो त्या खाचांमध्ये तेलकट लेप भरतो. गाडी दोन-तीन धुण्यांपुरती नवरीसारखी दिसते आणि मग लेप वाहून गेला की जाळं होतं तिथेच. फसवणूक म्हणा, पण इतकी सौम्य आणि आनंददायक फसवणूक मी फार पाहिलेली नाही.

डिकीपाशी मात्र काम अडलं. तिथे टॉर्चमध्ये एक अक्षर दिसलं. अण्णांची नात बालवाडीत आहे. तिने कधीतरी धुळीने माखलेल्या डिकीवर बोटाने ‘क’ काढला होता आणि पुढचं अक्षर शिकवलेलं नसल्याने तिथेच थांबली होती. धूळ धुतली गेली, पण बोटाखाली दबलेल्या कणांनी ‘क’ खालपर्यंत कोरला होता. पोट मोठं, शेंडी उलटीकडे वळलेली. मुलाने मीटर टेकवलं, म्हणाला, “जरा खोल आहे, दोन हात जास्त मारावे लागतील.” अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून डायरी काढली, आकडे पाहिले, थोडी वजाबाकी केली आणि गंभीरपणे निकाल दिला, “नको. तिथे क्लिअरकोट पातळ दिसतोय. जोखीम कशाला?” मीटर मीही पाहिलं होतं. आकडा शेजारच्या पत्र्याइतकाच होता. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी टॉर्चकडे पाहिलं, आणि इंजिनिअरिंगचा मान राखला गेला.

आता अण्णांच्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग आहे. त्याने पाणी मोत्यांसारखं घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण ‘आता ओरखडा पडणारच नाही’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्यावा. कोरड्या फडक्यापुढे तेही लेचंपेचंच. खरं चिलखत हवं तर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म चढवतात. तिच्यातल्या बारीकसारीक रेघा उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उबेने आपोआप मिटतात. जखम भरून येणारी कातडीच ती. किंमत ऐकली की मात्र आपल्या कातडीवर काटा येतो.

त्याहून स्वस्त आणि शहाणपणाची गोष्ट म्हणजे धुण्याची पद्धत, आणि अण्णा आता तिचे कीर्तनकार झाले आहेत. गाडी सावलीत, पत्रा गार झाल्यावर. फडकं लावण्याआधी नुसत्या पाण्याने धूळ उतरू द्यायची. निम्मं काम तिथेच होतं. बादल्या दोन: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा मळला की आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा फेसात. टपापासून खाली यायचं, कारण खरी माती चाकांपाशी असते. चाकांचं फडकं वेगळं, त्याने बॉनेटला शिवायचं नाही. सोवळंओवळं घरातून गेलं ते असं पार्किंगमध्ये सापडलं. हात सरळ रेषेत फिरवायचा, म्हणजे चुकून कण राहिलाच तर रेघ तरी एका दिशेने पडेल. पुसताना रगडायचं नाही, मोठा मऊ टॉवेल पसरायचा आणि अलगद ओढून घ्यायचा. आणि फडकं जमिनीवर पडलं की ते बॉनेटपुरतं बाद, झटकून पुन्हा वापरायचं नाही. सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं काचेला ठीक, काळ्या रंगाला नको. दसऱ्याला झेंडूचा हार बंपरला बांधावा, बॉनेटवर आडवा टाकून वेगात गाडी काढली तर वाऱ्याने दोरा घासतो. कुंकवाचं स्वस्तिक काढायला हरकत नाही. फक्त संध्याकाळी ते पाण्याने धुवावं, खरवडून काढू नये. गार सकाळी कोमट बॉनेटवर येऊन झोपणाऱ्या मांजराबाबत अण्णांनी कोणताही नियम केलेला नाही. तिथे ते हतबल आहेत.

एवढं सगळं करूनही जाळं पुन्हा येणारच, जरा उशिरा येईल इतकंच. आणि ढगाळ दिवशी, किंवा तिन्हीसांजेच्या उजेडात, ते असूनही दिसत नाही. दिसण्यासाठी त्याला एकच प्रखर दिवा आणि त्याच्यासमोर वाकून पाहणारा एक माणूस लागतो. तेव्हा दुसऱ्याच्या काळ्या गाडीपाशी उभं राहून खिशातला टॉर्च लावू नये, हा शिष्टाचार मी तरी पाळतो.

राहता राहिले मामा. गाडीला कोटिंग करणारे आपण, पण मामांच्या हाती तेच जुन्या बनियनचं फडकं आणि दूरच्या नळावरून आणलेली एकच बादली देतो, आणि जाळं दिसलं की त्यांच्यावरच खेकसतो. तुमच्याकडे असे मामा असतील तर त्यांना चार चांगली मायक्रोफायबर फडकी, एक जास्तीची बादली आणि दोन गाड्या कमी केल्या तरी भागेल एवढा पगार द्या. पार्किंगमध्ये पाण्याचा नळ मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्येच मंजूर करून घ्यावा लागेल. आमच्याकडे ठराव अण्णा मांडणार आहेत, अनुमोदन पांढऱ्या गाडीवाल्याचं आहे. तुमच्याकडे तुम्ही मांडा.